वऱ्हाडी नाव, बोरूचं वळण आणि धरमपेठेतला एक फलक : प्रकरण अभ्यास

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरगुती उद्योगाला धरमपेठेत पहिलं दुकान मिळालं. ठेचा, लोणची, वडाभाताचं साहित्य आणि थंडीत सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) असा माल. चालवणाऱ्या दोघी जावा: मोठ्या काकू हिशेब पाहतात, धाकट्या कढई. उद्योगाचं नाव इथे देत नाही. त्यात ‘वऱ्हाडी’ हा शब्द आहे आणि नावाखालच्या ओळीत ‘झणझणीत’, एवढंच या प्रकरणाला लागतं. (नागपूर वऱ्हाडात मोडत नाही, हे वाचक सांगतीलच. मोठ्या काकूंचं माहेर अकोल्याचं आहे, आणि त्या हा मुद्दा कोणाला सोडून देत नाहीत.)

धाकट्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एक कॅलिग्राफिक डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे सुलेखनाच्या वळणाचा, मोठ्या मथळ्यांसाठी काढलेला फॉन्ट, रीतसर विकत घेतला आणि उत्साहाच्या भरात सगळं त्यातच बसवलं. दुकानाचा फलक, बरणीचं लेबल, दरपत्रक, व्हॉट्सॲपवर पाठवायचं कार्ड, इतकंच काय, ‘उधारी बंद आहे’ ही पाटीसुद्धा. फ्लेक्सवाल्याने नमुना काढला आणि भांडण सुरू झालं. मोठ्या काकू तो नमुना गुंडाळून आमच्याकडे, म्हणजे अक्षररचनेचं काम करणाऱ्यांकडे, घेऊन आल्या.

“फ्लेक्सवाला म्हणते फॉन्टच खराब आहे. पोरगं म्हणते त्याले समजत नाही. तुम्ही पाहून सांगा ना भाऊ, पैसे कोणाचे बुडाले?”

आमचं उत्तर असं होतं की पैसे कोणाचेच बुडालेले नाहीत. फॉन्ट चांगला होता. त्याच्यावर टाकलेली निम्मी कामं त्याची नव्हती, आणि मराठी म्हणून त्याची जी परीक्षा व्हायला हवी होती ती विकणाऱ्यानेही पूर्ण घेतली नव्हती आणि घेणाऱ्यानेही.

फॉन्टचा स्वभाव

वळण बोरूचं, म्हणजे तिरक्या कापाच्या लेखणीचं. ठळक, बारीक असे वेगळे प्रकार नाहीत, फॉन्ट एकाच वजनाचा. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या उलट बाजूने तिरका घेतात. त्यामुळे गोलाईत जाड कुठे यायचं आणि बारीक कुठे, हेही रोमन कॅलिग्राफीच्या उलट पडतं. या फॉन्टमध्ये तो काप इमानाने पाळला आहे. काना खाली तिरका तुटतो. शिरोरेषा सपाट पट्टीसारखी नाही. प्रत्येक अक्षरावर डावीकडे किंचित उचलून सुरू होते आणि उजवीकडे निमुळती होत पुढच्या अक्षराला टेकते. दुसरी वेलांटी तर भलतीच ऐटबाज: ‘वऱ्हाडी’तल्या ‘डी’ची वेलांटी ‘ड’च्या डोक्यावरून मागे झुकत थेट ‘हा’च्या कान्यापर्यंत पोचते. उकार खाली लांब ओढलेले. अक्षरांच्या कडा मुद्दाम खडबडीत, खरखरीत कागदावर शाई थोडी कमी पडावी तशा.

मोडीचा वाहता हात देवनागरीत आणण्याचं काम सुलेखनकार अच्युत पालव यांच्या मुक्तलिपीने केलं आहे. हा फॉन्ट त्याच घराण्यातला वाटतो, फक्त थोडा जास्त नटलेला. अशा अक्षराला मोठा आकार लागतो, आजूबाजूला मोकळी जागा लागते आणि शब्द कमी लागतात. दोन शब्द दिले की ते बोलतं. वीस शब्द दिले की प्रत्येक वेलांटी शेजारच्या रफारावर चढते आणि ओळ म्हणजे नुसता गलबला होतो. दरपत्रकात नेमकं हेच झालं होतं. ‘मिरचीचं लोणचं, लिंबाचं लोणचं, मिश्र लोणचं’ अशा ओळींत नजर पदार्थावर न जाता फटकाऱ्यांवर जात होती.

काकूंनी एका वाक्यात निकाल दिला: “हे तं लग्नपत्रिकेसारखं दिसून राहिलं.” त्यांना ते तक्रार म्हणून म्हणायचं होतं, पण फॉन्टचा उपयोग कुठे आहे हेही त्यातच आलं. पत्रिकेवरचं वरवधूंचं नाव, दिवाळी अंकाचं शीर्षक, नाटकाची पाटी, गणपती मंडळाच्या कमानीवरची एक ओळ: तिथे हे अक्षर राजासारखं बसतं. पत्रिकेतही मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता त्यात लावला, की पाहुणे फोन करून विचारतात.

‘ऱ्ह’चा घोळ

नमुन्यावर सगळ्यात आधी डोळ्यात खुपला तो नावातलाच शब्द. ‘वऱ्हाडी’ऐवजी ‘व’, मग पायाशी टिंब आणि पाय मोडलेला पूर्ण ‘र’, आणि त्याला चिकटलेला ‘हा’. फ्लेक्सवाल्याने आपल्या परीने दुरुस्ती केली होती. त्याने रफार देऊन ‘वर्हाडी’ करून टाकलं. ते वाचून मोठ्या काकूंचा पारा चढला, आणि रास्तच होतं ते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक न करणारा फलक धरमपेठेत लावून दुकान चालवायचं म्हणजे पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाकडून शुद्धलेखनाचा तास.

ही अडचण यांत्रिक आहे आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नुक्त्याचा (पायाशी टिंब असलेला) ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त जोडून पुढे व्यंजन दिलं की तो आडवा अर्धा र तयार व्हावा, असा नियम आहे. पण नियम असला तरी चित्र फॉन्टनेच पुरवायचं असतं: आडव्या र चं वेगळं रेखाटन हवं आणि तो कधी वापरायचा याची सूचनाही फॉन्टच्या आत लिहिलेली हवी. हिंदीला हा आडवा र लागत नाही. संस्कृतलाही नाही. मराठीला मात्र त्याच्याशिवाय एक परिच्छेद निघत नाही: करणाऱ्या, खाणाऱ्यांना, पुऱ्या, भाकऱ्या, कऱ्हाड, ऱ्हास. ज्या फॉन्टची चाचणी हिंदी मजकुरावर झाली, त्याचा हा दोष विकेपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही.

जुन्या डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या छपाई-जुळणीत, श्रीलिपी किंवा आकृती या सॉफ्टवेअरच्या काळात, हा प्रश्न या रूपात नव्हता. तिथे कळ दाबली की ठरलेलं चित्र उमटायचं, आडव्या र लाही त्याची जागा असायची. फक्त तो मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की सगळ्याचं कडबोळं. म्हणून आजही नागपुरातल्या कित्येक छपाईच्या दुकानांत युनिकोडचा मजकूर आला की आधी तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. फ्लेक्सवाल्याचा ‘फॉन्टच खराब’ हा शेरा तिथून आला होता. त्याच्याकडच्या कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतच नव्हती, त्यामुळे त्याच्या पडद्यावर ‘ष्ट्र’ही फुटला होता. तो दोष फॉन्टचा नव्हता. ‘ऱ्ह’चा मात्र फॉन्टचाच होता. एकाच नमुन्यावर फॉन्टचा आणि सॉफ्टवेअरचा, असे दोघांचे दोष शेजारी शेजारी छापले गेले, आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटलं.

दुसरी गोष्ट काकूंच्या नजरेला आली नाही, आमच्या आली: ‘ल’. नमुन्यातल्या ‘लोणचं’ या शब्दात ‘ल’ दंडाचा होता, हिंदी वळणाचा. मराठी पाकळीचा ‘ल’ आणि मराठी ‘श’ या फॉन्टमध्ये होते, म्हणजे काढणाऱ्याने कष्ट घेतले होते. पण ते वर येण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडावी लागते. ती कोणी निवडत नाही. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढले, या दोन अक्षरांच्या वळणाचाही त्यांत विचार आहे. रस्त्यावरचे फलक मात्र सॉफ्टवेअरची मूळ निवड जशी असेल तसेच छापले जातात. नागपुरात हिंदी-मराठीची सरमिसळ रोजची, त्यामुळे दंडाचा ‘ल’ इथे कोणाला खटकतही नाही. आम्हाला खटकतो. मराठी लोणच्यावर मराठी ‘ल’ हवा, एवढा हट्ट आम्ही धरतो.

कुठलाही देवनागरी डिस्प्ले फॉन्ट घेण्याआधी आम्ही एक ओळ टाकून बघतो: ‘वऱ्हाडी खाणाऱ्यांना महाराष्ट्रात लोणचं, ॲल्युमिनियमचा डबा, हृद्य ज्ञान, शुद्ध श्रीखंड, रुपया, रूप, कोळी’. अर्थ शून्य, पण यात जो टिकला तो बहुतेक ठिकाणी टिकतो.

दोन ‘झ’, एकच टवका

आता ‘झणझणीत’. कॅलिग्राफिक फॉन्टच्या मर्यादेचं याहून नेमकं उदाहरण शोधून सापडलं नसतं.

हाताने लिहिलेलं अक्षर दुसऱ्यांदा कधीच हुबेहूब येत नाही. आपण ते जाणूनबुजून पाहत नाही, पण डोळा ते टिपतो. साध्या छापील फॉन्टमध्ये दोन ‘झ’ सारखे असले तर काही बिघडत नाही, कारण त्याने हाताचा आव आणलेलाच नसतो. इथे आव आहे. पहिल्या ‘झ’च्या पोटाला उजवीकडे शाई तुटल्याचा जो टवका होता, तोच टवका, त्याच जागी, त्याच मापाचा, दुसऱ्या ‘झ’लाही होता. ‘ण’चंही तेच. पाच अक्षरांच्या शब्दात दोन जोड्या. लेबलवर चालून गेलं असतं. आठ फुटी फलकावर तो शब्द शिक्का मारल्यासारखा दिसत होता.

रोमनमध्ये यावर तोडगा आहे. हेर्मान त्साफ यांच्या १९९८ च्या झॅपफिनोत एकेका अक्षराची अनेक रूपं दिलेली आहेत, आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत शेजार पाहून फॉन्ट रूप बदलू शकतो. देवनागरीत तेच करायचं म्हटलं तर काम कितीतरी पटींनी वाढतं: प्रत्येक पर्यायी ‘झ’ला वेलांट्या, उकार, अर्धं रूप, जोडाक्षरं सगळ्यांशी जुळवावं लागतं. एकट्या माणसाने काढलेल्या, बेताच्या किमतीला विकलेल्या फॉन्टमध्ये ते नसेल तर त्याला दोष देता येत नाही.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत आयुष्यभर जे केलं ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. दर नाटकाचं नाव नव्याने काढायचं, त्या नाटकापुरतं. त्या अक्षरांवरून फॉन्ट बनवला तर नाव दिसेल, नाटक दिसणार नाही, असं माझं ठाम मत आहे. एखाद्या दुकानाचं नाव कायमचं भिंतीवर जाणार असेल, तर निदान त्यातली दोन-चार अक्षरं तरी त्या नावापुरती काढलेली असावीत.

म्हणून इतवारीतल्या एका जुन्या पेंटरांना गाठलं. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं फलकाचं काम जवळजवळ बंद आहे. सध्या गाड्यांचे नंबर आणि शाळेच्या भिंतींवरचे सुविचार एवढंच. त्यांना फॉन्टमधली अक्षरं मोठी छापून दिली आणि सांगितलं, याच हाताचा दुसरा ‘झ’ आणि दुसरा ‘ण’ हवा. त्यांनी चपटा कुंचला घेतला, पहिल्यांदा कापाचा कोन जुळवला आणि मग वर्तमानपत्रावर भराभर ‘झ’ काढत गेले. “सारखा काढू नका म्हणता, हे सोपं काम झालं. सारखा काढा म्हटलं असतं तर पैसे जास्त घेतले असते.”

त्यातला एक ‘झ’ आणि एक ‘ण’ आम्ही स्कॅन करून घेतला. ‘ऱ्ह’चा आडवा र ही त्यांनीच काढला, ‘ह’च्या शिरोरेषेखाली नीट टेकेल असा.

रस्ता, कायदा आणि एलईडी

फलकाची जागा आठ फूट बाय दोन फूट. फलकवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की अक्षर एक इंच उंच असेल तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. हा हिशेब मुळात रोमन मोठ्या अक्षरांवरून आलेला. देवनागरीत उंची मोजायची ती शिरोरेषेपासून पायापर्यंत, वेलांटी आणि उकार सोडून. दोन फुटांतून वरखालची मोकळी जागा आणि इंग्रजी ओळ वजा केली तर मराठी नावाला अकराएक इंच उरत होते. या फॉन्टच्या वेलांट्या-उकारांनी त्यातली निम्म्याहून जास्त उंची खाल्ली आणि अक्षराचं अंग पाच इंचांवर आलं. म्हणजे पन्नास फूट. समोरच्या फुटपाथवरून वाचता येईल. स्कूटरवरून जाणाऱ्याला कळेपर्यंत दुकान मागे पडेल.

इंग्रजी ओळ काढून टाका, असं मोठ्या काकूंचं म्हणणं. मुलाला ती हवी होती. कायदा या वादात काकूंच्या बाजूने झुकतो, पण पूर्ण नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली: छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक बंधनकारक, मराठी आधी, आणि मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत फलक बदलण्याची एकच धांदल उडाली होती. इंग्रजीला मनाई नाही. ती मराठीपेक्षा मोठी नको आणि नंतर हवी. म्हणून ती राहिली, छोटी होऊन, खाली उजव्या कोपऱ्यात.

तिच्यासाठी फॉन्टमधलीच रोमन अक्षरं घेतली नाहीत. ती रोमन कोनाने काढली होती, त्यामुळे एकाच फलकावर मराठी ओळीचा भार एका बाजूला आणि इंग्रजीचा दुसऱ्या बाजूला कललेला दिसत होता. ही गफलत फार फॉन्टांत असते. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेल्या यात्रा वन या फॉन्टमध्ये उलटी वाट धरली आहे, तिथे रोमन अक्षरं देवनागरीच्या वळणाला जुळवून घेतात. तो आम्ही लावूनही पाहिला. छान होता, पण बोरूच्या अक्षराशेजारी कुंचल्याचं अक्षर भांडायला लागलं. शेवटी इंग्रजी ओळ साध्या, मुक्त परवान्याच्या (कोणीही विनामूल्य वापरावा अशा) फॉन्टमध्ये गेली.

उठावाची ॲक्रिलिक अक्षरं, आतून एलईडी, ही मुलाची इच्छा. तिथे बोरूचा बारीक फाटा आडवा आला. शिरोरेषेचं निमुळतं टोक आणि वेलांटीचा शेपटा इतका अरुंद, की आत एलईडीची पट्टी बसेना. रात्री अक्षराचं पोट उजळणार आणि शेपटी अंधारात राहणार. आम्ही बारीक भाग जाड केले, वेलांटी अर्ध्याने आखूड केली, खडबडीत कडा गुळगुळीत केल्या. त्या कडांमध्ये इतके बिंदू होते की कापणारं यंत्रही अडखळत होतं. वेलांटी आखूड झाल्याबरोबर अक्षराचं अंग वाढवायला जागा मिळाली आणि ते साडेसहा इंचांवर गेलं. थोडी ऐट गेली. मुलगा आठवडाभर नाराज होता.

एक बारीकशी पण नेहमीची गोष्ट: अशा फॉन्टची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढून जुळतात. कटिंगला पाठवताना ती वेल्ड करून एकसंध केली नाहीत तर प्रत्येक सांध्यावर चीर पडते. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटते. फ्लेक्सवाल्याने नाव फलकभर पसरवण्यासाठी तेच केलं होतं.

फॉन्टची फाइल आम्ही त्याच्याकडे दिली नाही, अक्षरांची वक्ररेषांत बदललेली पीडीएफ दिली. मुलाने घेतलेला परवाना एका संगणकाचा होता. बोधचिन्हासाठी अक्षराच्या आकारात फेरफार करायला त्यात मोकळीक होती, फॉन्टच्या फाइलमध्ये करायला नव्हती. मुक्त परवान्याच्या फॉन्टांची गोष्ट निराळी. पण विकतच्या फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवरून गावभर फिरते, तेव्हा परवाना वाचलेला असतो तो बहुतेक एकट्या फॉन्ट बनवणाऱ्यानेच.

लेबलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नाव फॉन्टमध्ये ठेवलं, घटक पदार्थ, वजन, किंमत, तारीख सगळं ‘मुक्ता’ या साध्या, मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये. बांधीव मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वजन, किंमत, तारीख ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, नुसत्या मराठीत भागत नाही. आकड्यांच्या उंचीलाही किमान मर्यादा आहे. तिथे वळणाची हौस करणं म्हणजे दंडाला आमंत्रण.

फलक लागला. ‘ऱ्ह’ची उणीव आम्ही फॉन्ट बनवणाऱ्याला कळवली, पुढच्या आवृत्तीत आडवा र आला, हिंदी मूळ निवड तशीच राहिली. दरपत्रक मुक्तामध्ये गेलं आणि त्यावरून पुन्हा कोणी काही विचारलं नाही. ‘उधारी बंद आहे’ मात्र मुलाने हट्टाने त्याच फॉन्टमध्ये ठेवलं. धाकट्या काकू म्हणतात, ते इतकं गोड दिसतं की लोक वाचून हसतात आणि उधारी मागतात.

दिवाळीच्या खोक्यावर तो फॉन्ट आम्ही काहीही न बदलता वापरला. शब्द एकच, ‘फराळ’. अक्षर दुसऱ्यांदा येत नाही, वेलांटी नाही, उकार नाही, ‘ळ’ची गोलाई पूर्ण खुलते. खोक्याच्या झाकणावर चारी बाजूंनी रिकामी जागा ठेवून तो शब्द बसवला, आणि तिथे पेंटरांचीही गरज पडली नाही.

आता सीताबर्डीत दुसरा गाळा घ्यायचं चाललं आहे. फलक तीन फूट रुंद, म्हणजे नाव दोन ओळींत मोडावं लागणार आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकणार. मोठ्या काकूंनी त्यासाठी आम्हाला विचारलेलं नाही. त्यांनी पेंटरांनाच फोन लावला.